कोपऱ्यातलं चाकूकाम

काउबॉय चित्रपटांत फरारी गुन्हेगाराच्या पत्रकावर जे दांडगं अक्षर दिसतं, ते आलं कुठून, हे शोधायला संपादकांनी सांगितलं. माग काढत पोचलो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराकाठच्या टू रिव्हर्स गावी. इथे हॅमिल्टनचं, छपाईच्या लाकडी खिळ्यांचं संग्रहालय आहे. खिळे पंधरा लाखांच्या घरात.

अक्षराचं नाव फ्रेंच क्लॅरेंडन. त्यातला फ्रेंचपणा नावापुरताच. मूळ क्लॅरेंडन लंडनच्या रॉबर्ट बेझलीच्या फाउंड्रीचं, 1845 सालचं. कायद्याचं तीन वर्षांचं संरक्षण सरताच इतरांनी ते उचललं. पुढे अमेरिकेत त्याला दोन्ही कुशींतून आवळलं गेलं. सेरिफ, म्हणजे रेघेच्या टोकाची पट्टी, फुगली आणि उभे दांडे बारीक झाले. नेहमीच्या रोमन अक्षरात उभी रेघ जाड असते; इथे सगळं वजन डोक्याला आणि पायाला. अशी अक्षरं शेजारी लावली की शब्दाला वर-खाली दोन काळे पट्टे बसतात. कागद अरुंद, मजकूर लांब आणि वाचणारा रस्त्यापलीकडे, अशा वेळी हेच कामी येतं. सर्कस, लिलाव, नाटक, सगळ्यांच्या जाहिरातींनी ते वापरलं. आपण ज्याला नखरा समजतो, त्यात काटकसरच जास्त.

जेम्स एडवर्ड हॅमिल्टनने 1880 मध्ये या खिळ्यांचा धंदा सुरू केला आणि हळूहळू प्रतिस्पर्धी विकत घेतले. एवढा इतिहास पुरे, कारण मी अडकलो पँटोग्राफपाशी. एका टोकाला मोठ्या लाकडी नमुन्याच्या कडेने सुई फिरवायची. सांधलेल्या दांड्यांमुळे दुसऱ्या टोकाला तेच अक्षर लहान होऊन कोरलं जातं. कोरायचं ते कठीण मेपलच्या आडव्या कापावर. झाडाचे तंतू तिथे उभे राहतात, म्हणून दाबाखाली टिकतात. खिळ्याची उंची 0.918 इंच, शिशाच्या खिळ्याशी बरोबर जुळणारी, म्हणजे दोन्ही एकाच फर्म्यात बसतात.

पण कोरणारं पातं गोल फिरतं. बाहेरचा कोपरा ते टोकदार काढतं. आतल्या कोपऱ्यात मात्र त्याची गोलाई उरतेच. सेरिफ आणि दांडा मिळतात तिथे लाकडाचा इवलासा कण राहतो. तो चाकूने काढायचा, प्रत्येक अक्षराला, हाताने. या छाटणीच्या कामावर बायकाही होत्या. चाकू जरा सरकला, तर खिळा वाया. फ्रेंच क्लॅरेंडनच्या ‘ई’त असे कोपरे किती, ते मी मोजू लागलो आणि मध्येच सोडून दिलं.

धास्ती मात्र वेगळ्याच गोष्टीची आहे. जुन्या बाजारात लोक आपल्या नावाचं आद्याक्षर शोभेसाठी घेऊन जातात. एकेक खिळा भिंतीवर जातो आणि संच फुटतो. ‘ई’ संपला, की उरलेल्या अक्षरांतून इंग्रजीचं साधं वाक्यही जुळत नाही. 2013 मध्ये संग्रहालयालाच जुनी इमारत सोडावी लागली, सगळा पसारा हलवावा लागला. नमुना शाबूत असेल, तर हरवलेलं अक्षर पुन्हा कोरता येतं. पण आतला कोपरा साफ करायला सरावलेला हात हवा, आणि तो नमुन्यावरून पाडता येत नाही.

नुकताच यंत्रावरून उतरलेला एक खिळा मी हातात घेतला. अक्षर पूर्ण होतं. कोपरे मात्र अजून गोल होते, चाकूची वाट पाहत.