काखेची तपासणी का टाळू नये?

मगरिबनंतर आमच्या गल्लीतल्या एक खाला इंग्रजी रिपोर्ट घेऊन आल्या. "बेटी, जरा वाचून सांग." स्तनांच्या भारामुळे मान-खांदे दुखत, म्हणून त्यांनी स्तन लहान करण्याचे ऑपरेशन करून घेतले होते. काढलेला भाग तपासला, तेव्हा त्यात छोटा कॅन्सर निघाला. आता डॉक्टर काखेतल्या ग्रंथींची बायोप्सी करायला सांगत होते. "पुन्हा चाकू कशाला? चाकू लागला की पसरतो म्हणतात."

बहिणींनो, बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. धोका उशिराचा असतो.

स्तनातली लस मुख्यतः काखेतल्या ग्रंथींतून गाळून पुढे जाते. कॅन्सरच्या पेशी स्तनाबाहेर पडल्या तर बहुधा आधी तिथेच सापडतात. आजार कुठवर गेला आणि पुढचा इलाज कोणता, हे त्यावरून ठरते. पूर्वी काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढत, त्यामुळे काही बायकांचा हात कायमचा सुजायचा. 1990 नंतर रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिल्या एक-दोन ग्रंथी शोधण्याची पद्धत रुळली. त्या निर्दोष निघाल्या, तर बाकीच्या सहसा काढाव्या लागत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी काखेच्या खालच्या भागातल्या थोड्याच ग्रंथी काढून तपासण्याची पद्धतही अभ्यासली आहे.

खालांसारख्या बाईची एक अडचण असते. स्तन लहान करताना लसीच्या काही वाटा कापल्या जातात. मग पहिली ग्रंथी सापडेलच असे नाही. कधी जास्त ग्रंथी काढाव्या लागतात. म्हणून असे ऑपरेशन ठरले, की आधी स्तनांची तपासणी करून घ्या. वयानुसार मॅमोग्राफी लागेल का, तेही विचारा. काढलेला भाग पॅथॉलॉजीला जाणार का, याची खात्री करा. ऑपरेशनचे कागद फेकू नका. पुढच्या डॉक्टरांना ते लागतात. कॅन्सर आधीच माहीत असेल, तर गाठ काढणे, स्तन लहान करणे आणि काखेची तपासणी अनेकदा एकाच वेळी होते.

खालांना लाजही होती. लेडी डॉक्टर जरूर मागा. पण मिळाली नाही म्हणून इलाज थांबवू नका. गरजेपुरते दाखवण्याची शरीयतमध्ये मुभा आहे.

खालांनी रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला. उठताना म्हणाल्या, "मुलाला सांगते, नांदुऱ्याहून मुंबईचं तिकीट काढ."

अल्लाह त्यांना शिफा देवो.