मातीतला निरुपद्रवी रहिवासी : खापरखवल्या

ईशान्य भारतातील वर्षावनांत गोगलगायींवर उपजीविका करणारे साप आहेत. सह्याद्रीतही असाच मऊ जिवांवर जगणारा एक साप आढळतो. तो म्हणजे खापरखवल्या. गांडूळ हे त्याचे मुख्य अन्न होय. मुंबईलगतच्या डोंगरांपासून दक्षिणेकडे त्याच्या निरनिराळ्या जाती पसरल्या आहेत. त्यांपैकी एका जातीस 1888 साली फिप्सन यांचे नाव देण्यात आले. मुंबईत 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे ते एक आद्य कार्यकर्ते होत.

या सापाचे डोके निमुळते, तर शेपूट कापल्यासारखे बोथट असते. शेपटाच्या खरबरीत खवल्यांना माती चिकटते व त्यामुळे मागून येणाऱ्या शत्रूपासून बिळाचे संरक्षण होते. मादी अंडी घालीत नाही. ती पिल्लांना जन्म देते.

एरवी मातीत दडलेला हा साप पावसाळ्यात पृष्ठभागावर येतो आणि नेमका तेव्हाच वाहनांखाली चिरडला जातो. 'दुतोंडी' किंवा विषारी समजूनही त्याला मारले जाते. वस्तुतः तो बिनविषारी असून सहसा चावत नाही. त्याला हवी असते ती पालापाचोळ्याची ओलसर माती. बोरिवली, मुलुंडसारख्या उपनगरांत डोंगरउताराची माती जितकी काँक्रीटखाली जाईल, तितका अशा जिवांचा आसरा घटेल. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पहिल्या पावसाआधीच या सापाची ओळख करून दिल्यास अनेक निष्पाप जीव वाचतील.