इंजिन चालू आहे, एवढ्यावर जुनी गाडी घेऊ नका

जुनी फियाट किंवा पद्मिनी घेऊन ती हौसेनं उभी करायची असं ठरवलेल्या माणसाला पहिला सल्ला हमखास हा मिळतो: "इंजिन चालू होतंय ना? मग घेऊन टाक. बाकी पत्र्याचं काम, ते काय कुणीही करेल." विकणाऱ्यानं असं म्हणणं समजू शकतं. पण गाड्यांतली जाणकार माणसंही हेच सांगतात तेव्हा राग येतो, कारण हा सल्ला नेमका उलटा आहे.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११००च्या रचनेवर ती बेतलेली आहे. तळ, खांब, छप्पर आणि दारांखालच्या पोकळ पेट्या मिळून एकच कवच होतं आणि गाडीचं सगळं वजन तेच पेलतं. जुन्या महिंद्रा जीपला खाली स्वतंत्र चेसिस असते, त्यामुळे तिची बॉडी उचलून दुसरी बसवता येते. फियाटला किंवा अँबॅसिडरला तो हिशेब लागू नाही. इथे पत्रा कुजला म्हणजे गाडीचा सांगाडाच कुजला.

उलट इंजिन पाहा. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं यंत्र. अगदी जाम झालं असलं तरी चेन कप्पी लावून बाहेर काढता येतं. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, नवे पिस्टन-रिंग ही कामं ठरलेली आहेत आणि त्यांचा खर्च आधी विचारता येतो. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी २०२३पर्यंत धावत होत्या, त्यामुळे हे इंजिन हाताखालून गेलेले मिस्त्री अजून आहेत. गंजाचा खर्च मात्र पत्रा कापून पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. वरून नाण्याएवढा दिसणारा फोड आतून वीतभर पसरलेला निघतो. गाडी कोकणात किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगत राहिली असेल तर खाऱ्या हवेनं ते काम आणखी लवकर केलेलं असतं.

म्हणून बॉनेट उघडण्याआधी खाली वाका. मॅटिंग उचलून तळ बघा. मागचे पाटे जिथे बसतात ती जागा, बॅटरीखालचा कोपरा आणि दाराखालच्या पेट्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला तर सावध व्हा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. धरत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे. जॅक लावून गाडी एका बाजूनं उचलल्यावर दार नीट लागेनासं झालं, तर कवचात जोर उरलेला नाही. तळाला नुकताच काळा रंग मारलेला दिसला, तर तो कशावर मारलाय हे विचारा.

बाकीचे समज थोडक्यात. "१५ वर्षांनी गाडी भंगारातच जाते": ती वयाची बंदी दिल्ली परिसरातली; महाराष्ट्रात तपासणीत पास झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, अर्थात शुल्क आणि हरित कर भरून. "जुनी म्हणजे व्हिंटेज": केंद्राच्या जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि चेसिस, बॉडी व इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच व्हिंटेज, आणि तशी नोंद झाल्यावर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. "सुटी करून ठेवलेली गाडी स्वस्तात पडते": पोत्यांत भरलेल्या भागांत काय हरवलंय ते जोडताना कळतं, आणि मूळ काचा, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या कडा हेच मिळवायला सर्वांत अवघड. "दुरुस्त केली की दुप्पट भावानं जाईल": मोठ्या संख्येनं बनलेल्या पद्मिनीवर पूर्ण पत्राकाम केलं, तर तो खर्च विक्रीतून सहसा वसूल होत नाही. आवड असेल तरच घ्या.

"कागदपत्रं नंतर बघू" हा शेवटचा, आणि सर्वांत घातक. आरसी बुक नसेल, मूळ मालक सही द्यायला हयात नसेल आणि वारसांचा पत्ता नसेल, तर सुंदर उभी केलेली गाडीही रस्त्यावर आणता येत नाही. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून पाहिल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नका.