मेकॅनिकल कीबोर्ड घेताना

- स्विच : प्रत्येक कळीखाली स्वतंत्र. लिनियर सरळ दबतो. टॅक्टाइलमध्ये मध्यावर हलका अडथळा. क्लिकीत अडथळा आणि टकटक आवाजही.
- माप : चेरी एमएक्स रेड या लिनियर स्विचची कळ ४ मिमी दबते, नोंद २ मिमीवरच होते.
- दिवे : लाल, हिरवा, निळा. प्रत्येकी २५६ पातळ्या, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख रंग.
- मॅक्रो : अनेक कळांचा क्रम एकाच कळीवर. ऑनबोर्ड मेमरी असल्यास दुसऱ्या संगणकावरही चालतो. काही ऑनलाइन खेळांत बंदी.
- कीकॅप : एबीएस प्लास्टिकची वापराने गुळगुळीत होते, पीबीटी प्लास्टिकची अधिक टिकते.
- हॉट-स्वॅप : डाख न काढता स्विच बदलता येतो.
- गोव्यातल्या सुर्ला परिसरात : डिचोलीच्या खाणपट्ट्यातली लाल धूळ, पावसाळ्यातला दमटपणा. वापर नसताना झाकून ठेवा. कीकॅप काढून कोरड्या ब्रशने साफ करा.