मनाचा ताप मोजताना

नेर हे अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर येथील असंख्य कुटुंबांचे वर्ष अवलंबून असते. यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की शासनयंत्रणेचे काटेकोर मोजमाप सुरू होते. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज कोणाकडून घेतले होते, वसुलीचा तगादा होता काय, हे सारे तपासले जाते आणि ते प्रकरण मदतीस ‘पात्र’ की ‘अपात्र’ याचा निर्णय जिल्हा समिती देते. मृत्यूनंतर माणसाची इतकी बारकाईने चौकशी करणारी व्यवस्था तो हयात असताना त्याला काय विचारते, हा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित होतो.

विचारण्याजोगे प्रश्न उपलब्ध नाहीत असे नव्हे. इंग्लंडमधील मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली नैराश्याची तीव्रता मोजण्याची श्रेणी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ॲरन बेक यांची २१ प्रश्नांची प्रश्नावली आली. पहिलीत गुण डॉक्टर देतो, दुसरीत रुग्ण स्वतःच देतो. आज खेड्यापाड्यांत अधिक उपयोगी पडते ती ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही काय, मन खिन्न होते काय, झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांची स्थिती कशी होती, असे तिचे स्वरूप आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. बेरीज अधिकात अधिक २७. सामान्यतः १० किंवा त्याहून अधिक गुण आले की पुढील तपासणी आवश्यक मानली जाते.

मन काय तराजूत घालून मोजता येते, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. तथापि तापमापक येण्यापूर्वीही ताप होताच. फरक इतकाच की, तो किती चढला आणि औषधाने किती उतरला हे नेमके सांगता येत नव्हते. मनोविकारतज्ज्ञ जेथे दूरच्या शहरात असतो, तेथे गावातील आशा कार्यकर्तीच्या हाती असलेले नऊ प्रश्न ही लहान गोष्ट नाही.

याचा प्रत्यय शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात आला आहे. तेथील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातीलच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी समुपदेशन आणि गरजेनुसार तज्ज्ञाची भेट, अशी त्याची रचना होती. आधी व नंतर पाहणी झाली. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. तुलनेसाठी वेगळी गावे नसल्याने सारे श्रेय कार्यक्रमाला देता येणार नाही. परंतु पहिला आकडाच डोळ्यांत अंजन घालणारा आहे. शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक माणसे आपले दुखणे मुकाट्याने सोसत होती, हे मोजल्यावाचून कळलेच नसते.

तरीही या मापाची मर्यादा ओळखली पाहिजे. तापमापकातील पारा सर्वत्र सारखाच चढतो. येथे पाऱ्याचे काम भाषा करते. वऱ्हाडातील माणूस ‘मी निराश आहे’ असे सहसा म्हणत नाही. ‘टेन्शन आहे’, ‘जीव लागत नाही’, ‘डोके जड झाले आहे’ असे तो सांगतो. पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणून मोकळा होईल. शिवाय झोप लागत नाही, असे सांगणारा शेतकरी कदाचित रात्रीच्या विजेवर ओलित करण्यासाठी जागत असेल. उलटपक्षी, विचारणारी आशाताई ओळखीच्या घरातली असल्यामुळे कोणी मनातले बोलेल, तर गावभर होईल या भीतीने कोणी ओठ मिटून घेईल. म्हणून बेरीज हा निदानाचा शेवट नव्हे. ती संभाषणाची सुरुवात आहे.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयीचा आहे. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बोलण्याची वाट मोकळी होते. एकूण गुण कमी असले तरी या एका उत्तराकडे दुर्लक्ष करता येत नाही. पण ‘होय’ असे उत्तर आल्यावर त्या संध्याकाळी आशाताईने कोणाकडे जावे, याची सोय नसेल, तर प्रश्न विचारणे ही केवळ औपचारिकता ठरते.

खरी मेख येथेच आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प हाती घेतला. २०२२ पासून केंद्राची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साखळीचे दुवे आहेत. ते परस्परांत गुंतलेले हवेत. भरलेल्या अर्जांची संख्या हेच यशाचे माप ठरले, तर आकडे वाढतील आणि माणसे होती तेथेच राहतील. दहाहून अधिक गुण मिळालेल्यांपैकी किती जण महिन्याभरात उपचारापर्यंत पोहोचले, हाच आढाव्याचा प्रश्न असला पाहिजे.

कर्ज, पडलेला भाव आणि बुडालेले पीक यांवर कोणतीही प्रश्नावली हा उपाय नव्हे. ते उपाय निराळे आहेत आणि त्यांची जबाबदारी डॉक्टरांवर ढकलून चालणार नाही. परंतु संकटाशी झुंजण्यासाठी माणूस आधी उभा असावा लागतो. पात्र-अपात्रतेची चौकशी करण्याची वेळ येण्यापूर्वी कोणीतरी त्याच्या ओसरीवर बसून नऊ प्रश्न विचारावेत आणि दहावे वाक्य ऐकण्याइतका वेळ तेथे थांबावे, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.