मुलांना शरीर बांधावर शिकवा

पुस्तकातली रक्ताभिसरण संस्था पोरं घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. आमचे म्हणणे, बारामती-इंदापूरच्या पोराला ती बांधावर उभे करून दाखवावी. नीरा डाव्या कालव्याचे पाणी चारीत, चारीतून दंडात, दंडातून सरीत. तसेच धमनीतले रक्त केशवाहिन्यांपर्यंत. हृदय ही मोटार, पण तिला लोडशेडिंग चालत नाही! सरीतले पाणी मात्र कालव्यात परत जात नाही. रक्त शिरांवाटे हृदयाकडे परत येते, हा फरक जरूर सांगावा. मग मनगटावरची नाडी मोजू द्यावी. बसून मिनिटाला 80-90 भरेल. अंगणात चार फेऱ्या मारल्या की बघा.

हे कशासाठी? उसात घोणस असते. तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते. नाग-मण्यारचे विष मज्जासंस्थेवर जाते, श्वास बंद पडतो. हालचालीने विष लवकर पसरते, हे नाडी मोजलेल्या पोराला चटकन पटते. साप चावला तर पळायचे नाही, चावलेला हात-पाय हलवायचा नाही. चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिक, काही नको. तडक सरकारी दवाखाना गाठून प्रतिविष घ्यायचे. रात्री दारं धरायला जाणाऱ्या बापानेही हे पोराकडून एकदा ऐकून घ्यावे.