परभणीची बारमाही मैफल

परभणीत गाण्याचे कार्यक्रमच होत नाहीत, अशी तक्रार इथल्या शिकल्या-सवरलेल्या माणसाकडून हमखास ऐकू येते. तक्रार करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचे नाट्यगृह असते. दाराशी महिन्याभराचा फलक, आज ख्याल, उद्या गझल, परवा लोकसंगीत, आणि खिडकीवर तिकिटे. असे नाट्यगृह परभणीला असावे ही मागणी रास्त आहे, तिच्याशी भांडण नाही. पण त्या फलकावर लिहिलेले असते काय? तारीख, जागा, गाणाऱ्याचे नाव आणि गाण्याचा प्रकार. या चारही गोष्टी परभणी जिल्ह्यात वर्षभर ठरलेल्या असतात. त्या एका फलकावर नाहीत एवढेच. काही पंचांगात आहेत, काही गावोगावच्या पत्रिकांत, काही घराघरांतल्या कुळाचारात. संगीत जिवंत ठेवते ते ठरलेले निमित्त आणि त्या निमित्ताला हक्काने येणारा श्रोता. इमारत त्यानंतर येते. परभणीचे खरे संगीतगृह म्हणजे तिचे वर्ष आहे, आणि जिल्ह्याच्या सांस्कृतिक कामाची सुरुवात हे वर्ष सांभाळण्यापासून व्हायला हवी.

सुरुवात उरुसापासून करू, कारण त्याची तारीख सगळ्यांत पक्की. बहुतेक उरूस हिजरी महिन्यांप्रमाणे पुढेमागे सरकतात. परभणीच्या हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस मात्र दरवर्षी 2 फेब्रुवारीला सुरू होतो, आणि परभणीकराला ती तारीख कॅलेंडर न बघता ठाऊक असते. पाळणे, मिठाईची दुकाने, संदल हे सगळे आहेच. त्याबरोबर कव्वाली असते, मुशायरा असतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे उर्दू इथल्या कानाला परकी नाही. कव्वालीला येणाऱ्यांत मराठी घरांतली माणसे मोठ्या संख्येने असतात आणि दाद कुठे द्यायची हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मुख्य गायक एखादी ओळ पुन्हा पुन्हा फिरवतो, प्रत्येक फेरीत तिचा अर्थ थोडा हलवतो, मागचे साथीदार टाळ्यांची लय चढवत नेतात, आणि नेमक्या क्षणी सगळे समेवर येतात. ही समेची ओळख आधीच असलेला श्रोता कोणत्याही सभागृहाच्या व्यवस्थापकाला हेवा वाटावा असा आहे.

दुसरी मोठी मैफल सप्ताहाची. अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका एकदा नीट वाचून पाहावी. वर गावाचे आणि मंदिराचे नाव, खाली सात दिवसांचा तक्ता: पहाटे काकडा, मग पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कीर्तनाच्या रकान्यात रोज वेगळे नाव, त्या नावापुढे त्यांचे गाव. त्याखाली गायनाचार्य कोण, मृदंगाचार्य कोण, विणेकरी कोण, चोपदार कोण. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. संगीताच्या हंगामाची याहून शिस्तीत मांडलेली जाहिरात मोठ्या शहरातही क्वचित निघते. गावकरी ती वाचून निवड करतात. चौथ्या दिवशीचा कीर्तनकार विनोद फार करतो, सहाव्या दिवशीचा मृदंग ऐकण्यासारखा आहे, ही चर्चा पारावर आठवडाभर आधी सुरू होते, आणि चांगल्या पखवाजासाठी शेजारच्या गावचे लोक मोटारसायकली काढून येतात. कीर्तनात अभंगाच्या चाली धरणारे गायनाचार्य रागदारी शिकलेले असतात. मालकंसात बांधलेली चाल रात्री दहाच्या सुमारास ज्या शेतकऱ्याच्या कानावर पडते, त्याला रागाचे नाव माहीत नसले तरी सूर कुठे लागला आणि कुठे घसरला हे कळते.

हे उसने आणलेले नाही. गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. कीर्तन परंपरेचे आद्य पुरुष मानले जाणारे नामदेव नरसीचे. ती नरसी आज हिंगोली जिल्ह्यात मोडते, पण 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत ती परभणी जिल्ह्यातच होती. नामदेवांच्या रचना पुढे पंजाबात गेल्या आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे गाऊन, नाचून, टाळ-मृदंगावर विचार सांगण्याचा जो प्रकार या मातीशी जोडला जातो, तो सातशे वर्षांनंतरही दूर पंजाबात आणि याच मातीत दोन्हीकडे रोज गायला जातो. आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेने पंढरीला जाते. त्या दिवसांत तर मैफलच रस्त्याने चालत येते.

या सगळ्यात ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि ज्यात सर्वांत जास्त कारागिरी आहे तो गोंधळ. लग्नानंतर देवीचा गोंधळ घालण्याचा कुळाचार मराठवाड्यात अजून बऱ्याच घरांत पाळला जातो. अंगणात चौक भरतात: पाटावर नवे कापड, त्यावर धान्याची रास, तिच्यावर कलश, नागवेलीची पाने, नारळ, शेजारी दिवटी. नायकाच्या अंगात पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळी मळवट. साथीला संबळ, तुणतुणे, झांज. तुणतुणे दिसायला साधे: लाकडी नळकांडे, तळाला कातडे, एका काठीवरच्या खुंटीला ताणलेली एकच तार. पण तंबोऱ्याचे काम तेच करते. नायकाचा आवाज वर चढला की परत यायला आधार त्या एका तारेचा. संबळ जवळून पाहावे. कमरेला बांधलेली दोन तोंडे, एक मोठे घुमारदार, एक लहान चढ्या आवाजाचे. दोन काड्यांपैकी एक सरळ, तर दुसरीचे टोक वळवलेले. सरळ काडी लहान तोंडावर बोल टिपते, वळलेली काडी मोठ्या तोंडावर कधी आपटते, कधी नुसती घासून निघते, आणि त्या घासण्यातून जो हुंकार येतो तो अंगणापलीकडच्या गल्लीलाही जागे करतो.

मग आवाहन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, येरमाळ्याची येडेश्वरी, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेका देवाला नाव घेऊन गोंधळाला बोलावतात. त्या वेळी अंगणात बसलेल्या माणसापुढे महाराष्ट्राचा नकाशा गाण्यातून उलगडत जातो. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन पंथ आहेत, एकाची निष्ठा तुळजापूरला, दुसऱ्याची माहूरला. परभणी या दोन पीठांच्या मधल्या पट्ट्यात येते. आवाहनानंतर स्तवन, मग आख्यान. आख्यानात नायक गातो, सांगतो, पात्रे होतो. झीलकरी ध्रुपद उचलतात, मध्येच अडाणी प्रश्न विचारतात आणि त्या प्रश्नांतून कथा पुढे सरकते. कीर्तनातले निरूपण, नाटकातला संवाद, शाहिराची ललकारी, सगळे एका रात्रीत एका जागी भेटते. यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीला ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या ‘गोंडली’ नृत्याशी गोंधळाचा धागा जुळवणारे अभ्यासक आहेत. तो धागा मानला न मानला तरी एवढे खरे की परभणीने या कलेला राजाराम कदमांसारखा गोंधळी दिला, ज्यांचे नाव जाणकार आजही आदराने घेतात. शाहीर विठ्ठल उमप यांनी ‘जांभूळ आख्यान’ रंगमंचावर उभे केले तेव्हा शहरी प्रेक्षक थक्क झाला. ती ताकद अंगणातल्या गोंधळाची होती.

निमित्त गेले की गाणे जाते, याचा पुरावाही याच जिल्ह्यात आहे. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. सीतेच्या वनवासाचे दुःख त्यांच्या आवाजात ऐकताना मन हलते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या संग्रहातला हा आवाज. ओवीचे सभागृह होते पहाटेचे जाते. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. गाणाऱ्या बायका होत्या, गळे शाबूत होते, ओव्या पाठ होत्या. पण गाण्याची वेळच उरली नाही, आणि लेकींनी त्या उचलल्या नाहीत. कोणत्याही नाट्यगृहाला ही हानी थांबवता आली नसती. म्हणून सप्ताह, उरूस, गोंधळ यांच्या तारखा अजून शिल्लक आहेत, ही गोष्ट सामान्य समजू नये.

यावर पहिला आक्षेप असा की ही उपासना आहे, मैफल नव्हे. माणसे पुण्यासाठी जातात, सुरासाठी नाही. पण सुरासाठी जात नसती तर कीर्तनकार-कीर्तनकारांत निवड झाली नसती आणि बेसूर कीर्तनातून लोक उठून गेले नसते. शिवाय या प्रकारांच्या भिंती बाहेरून वाटतात तेवढ्या जाड नाहीत. प्रल्हाद शिंदे यांनी कव्वाली गायली, विठ्ठलाची भक्तिगीते गायली आणि भीमगीतेही गायली. 14 एप्रिलच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्री भीमगीतांचे जे कार्यक्रम होतात, त्यांचा सामन्याचा बाज, सवाल-जवाबाची चढाओढ, टाळ्यांची लय थेट कव्वालीतून आलेली आहे. वामनदादा कर्डकांची गाणी त्यात पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात, आणि ती देवासाठी नव्हे, माणसाच्या हक्कासाठी असतात. प्रसंग कोणाचाही असो, गाणे एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जातच असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ख्याल, सतार, सारंगी यांना शांतता लागते, मैदानात त्यांचे काय होणार? ही अडचण खरी आहे. बैठकीला लहान, आवाज न घुमणारी खोली हवी, कलावंताला कपडे बदलायला जागा हवी, आणि रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह हवेच हवे. त्याच्या अभावी निम्मा श्रोता घरी राहतो. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. अभिजात संगीताचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा उत्सव, पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, 1953 साली सुरू झाला आणि त्याची मोठी वर्षे रमणबागेच्या शाळेच्या मैदानावर मांडवात गेली. आजही तो मैदानावरच होतो. भीमसेन जोशींनी गुरूच्या पुण्यतिथीचे निमित्त धरले आणि सोडले नाही. मांडव दरवर्षी नवा, पण निमित्त जुने. जवळचीच उदाहरणे हवीत तर नांदेडचा संगीत शंकर दरबार आणि अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह पाहावेत. दोन्ही आठवणीच्या तारखेला बांधलेले आहेत. परभणीत बी. रघुनाथांच्या नावाचे सभागृह आहे. या कवी-कादंबरीकाराचे निधन 7 सप्टेंबर 1953 रोजी परभणीतच झाले, म्हणजे आठवणीची तारीख इथेही आहे. नवे सभागृह बांधायचे तर जरूर बांधावे. पण त्याला आधी वर्षाच्या बारा तारखा लावून द्याव्यात, नाहीतर ते लग्नांना आणि मेळाव्यांना भाड्याने देण्यापुरते उरेल.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम योग्य आहे, आजाऱ्याची आणि अभ्यास करणाऱ्या पोराची झोप महत्त्वाची आहे. पण त्यातली मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस मिळते, आणि ते दिवस भिंती हादरवणाऱ्या डीजेच्या मिरवणुकींत जाऊ नयेत. रात्रभराचा गोंधळ दोन तासांवर आला आहे, आख्यान गाळून आवाहन आणि आरती एवढेच उरते. संबळाला ध्वनिक्षेपक लागत नाही, हे यजमानांच्या लक्षात आले तरी आख्यान परत येईल. सर्वांत मोठी उणीव मात्र पैशाची. गोंधळी हा महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडणारा समाज. कला वंशपरंपरेची, मान मोठा, आणि बिदागी मांडवाच्या खर्चापुढे नगण्य. झेंडूच्या माळांवर आणि दिव्यांच्या कमानीवर यजमान हजारो रुपये घालतो आणि नायकाशी शेपन्नास रुपयांवर घासाघीस करतो. ज्याच्या मुलाने संबळ हातात घ्यायचे, त्या मुलाला हा हिशेब दिसत असतो.

करण्यासारखी पहिली गोष्ट स्वस्त आहे. महापालिकेने, वाचनालयांनी, महाविद्यालयांनी मिळून दरवर्षी एक पत्रक काढावे. उरुसाच्या कव्वालीची रात्र, मोठ्या सप्ताहांच्या तारखा आणि त्यांतले मृदंगाचार्य, 14 एप्रिलचे गायक, पालखीचा मुक्काम, नवरात्रातले गोंधळ, सगळे एका कागदावर, कलावंताच्या नावासह. आणि जो हे वाचतो आहे त्याला एक विनंती: पुढच्या सप्ताहाची पत्रिका घरी आली की अन्नदात्यांत आपले नाव आहे का एवढे पाहून ती खिडकीत टाकू नका. गायनाचार्य कोण आहे ते पाहा, त्या रात्री जाऊन पुढे बसा, आणि घरात गोंधळ ठरला तर आधी नायकाची बिदागी ठरवा, मग मांडववाल्याला बोलवा.